तीन सुताचा पाना खोटा नाही

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातून एका वाचकाचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचे आजोबा आयुष्यभर ट्रकवर होते. आधी भागीदारीत घेतलेली एक जुनी फार्गो आणि नंतर स्वतःच्या नावावरची टाटा १२१०, अशा दोन गाड्या त्यांनी चालवल्या. गाडी विकली गेली, आजोबाही गेले, पण गाडीची लोखंडी टूल पेटी गोठ्यात कडब्याआड राहिली आणि तीन वर्षांपूर्वी गोठा पाडताना हाती आली. तिच्यात नटबोल्ट खोलण्याचे तेवीस पाने निघाले. तेव्हापासून या वाचकांना जुन्या ट्रकांच्या पेट्यांतील पाने जमवण्याचा नाद लागला असून आज त्यांच्याकडे दीडशेच्या आसपास पाने आहेत. थोरल्या भावाच्या मते हे सारे भंगार आहे आणि ते किलोवर घालून मोकळे व्हावे. आईची तक्रार एवढीच, की माजघरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. वाचकांचे प्रश्न असे: पेटीतील एका पान्यावरचा आकडा आणि त्याच्या तोंडाचे माप जुळत नाही, तर तो नकली आहे काय, पाने घासून चकचकीत करून फळीवर लावावेत काय, कानशीने कोरलेला एक आणि वेल्डिंग मारलेला एक असे दोन पाने काढून टाकावेत काय, अपुरा संच पूर्ण कसा करावा व त्यासाठी किती पैसे मोजावेत, आणि भावाला काय उत्तर द्यावे.

आपल्याला शेवटचा प्रश्न सर्वांत जड वाटतो आहे हे पत्राच्या अक्षरावरूनच दिसते. तरीही मी सुरुवात पहिल्या प्रश्नापासून करतो, कारण त्या न जुळणाऱ्या आकड्यात पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत.

आपण लिहिता, की पान्याच्या एका तोंडावर ३/८ असा आकडा ठोकलेला आहे, म्हणजे तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. प्रत्यक्षात मात्र ते तोंड अठरा मिलिमीटर भरते. आपले मोजमाप बरोबर आहे आणि पानाही अस्सल आहे. तो इंग्रजी पद्धतीचा, व्हिटवर्थ मापाचा पाना आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांची, म्हणजे नटबोल्टांवरच्या पिळांची, जी पद्धत मांडली, तिच्यावर आधारलेल्या पान्यांवर नटाचे किंवा तोंडाचे माप लिहिण्याची रीत नव्हती. ज्या बोल्टासाठी तो पाना आहे त्या बोल्टाच्या दांड्याची जाडी त्यावर लिहिली जाई. तीन सुती बोल्टाचा व्हिटवर्थ नट एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत ०.७१० इंच, म्हणजे जवळपास नेमका अठरा मिलिमीटर असतो. आकड्याशेजारी डब्ल्यू हे रोमन अक्षर आहे का, ते भिंगाने पाहा. कित्येक पान्यांवर त्याच तोंडाशी ७/१६ आणि बी.एस. अशी दुसरी खूणही असते, कारण इंग्रजी बारीक आट्याच्या बोल्टाचा नट एक पायरी लहान ठेवलेला असल्याने तेच तोंड साडेतीन सुती बारीक आट्याच्या बोल्टालाही चालते. एक गुंता आणखी आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी इंग्रजांनी व्हिटवर्थ नटांची डोकी एका पायरीने लहान केली, त्यामुळे एकच आकडा असलेले दोन इंग्रजी पाने कधी कधी एकाच नटाला लागत नाहीत आणि तरी दोन्ही खरे असतात. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत असताना दरवर्षी एखादा मुलगा असा पाना घेऊन, चूक पकडल्याच्या आनंदात, माझ्या टेबलापाशी येत असे.

अमेरिकी पान्यावरचा इंची आकडा मात्र तोंडाचाच असतो, आणि जर्मन पान्यावरचा मिलिमीटरचा आकडाही तोंडाचाच. आपल्या आजोबांच्या पेटीत, आपण दिलेल्या यादीप्रमाणे, या तिन्ही पद्धतींचे पाने आहेत: ७/१६–१/२ आणि ९/१६–५/८ हे अमेरिकी मापाचे, १४–१७, १९–२२ आणि २४–२७ हे मिलिमीटरचे, आणि हा एक तीन सुताचा इंग्रज. आपल्याला यात गोंधळ दिसला. मला त्यात मराठवाड्याच्या रस्त्यांवरून कोणकोणत्या गाड्या गेल्या याचा हिशेब दिसतो.

तो हिशेब थोडक्यात असा. आपला भाग निजामाच्या राज्यात असताना निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. त्यांत स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या होत्या, आणि त्या गाड्यांबरोबर व्हिटवर्थचे आटे आले. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या अमेरिकी व कॅनडातील गाड्या लिलावातून खासगी मालकांकडे गेल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉज, डी सोटो आणि फार्गो या गाड्या बाहेर पडू लागल्या. ट्रक अंगाने एकच, नावाच्या पाट्या तेवढ्या निराळ्या, आणि सारे काही इंचात. मग १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून मिलिमीटरच्या नटबोल्टांची गाडी आली. तिच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा १९६९ मध्ये करार संपल्यावर गेला, आटे मात्र मिलिमीटरचेच राहिले. अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँड झाले आणि मद्रासजवळच्या एन्नोरहून इंग्रजी घडणीचे ट्रक येत राहिले. आपल्या देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ चा. तो बाजारात उतरायला पुढे काही वर्षे लागली. म्हणजे मोंढ्यात धान्य शेर-पायलीने मोजले जात होते, तेव्हा त्याच मोंढ्याबाहेर उभ्या असलेल्या टाटाच्या खाली शिरलेला क्लीनर ‘चौदा-सतरा दे’ असे म्हणत होता. मला ही गोष्ट फार आवडते.

मिलिमीटरच्या पान्यांतही जुने-नवे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जुन्या जर्मन मापांत आठ मिलिमीटरच्या बोल्टाला १४ चा, दहाच्या बोल्टाला १७ चा, बाराच्या बोल्टाला १९ चा आणि चौदाच्या बोल्टाला २२ चा पाना लागे. पुढे मापे बदलत गेली. आठच्या बोल्टाला १३ चा पाना आला आणि आंतरराष्ट्रीय मापांनुसार बाकीच्यांना १६, १८ आणि २१ चे. म्हणून जुन्या टाटाच्या पेटीत १४–१७ आणि १९–२२ हमखास सापडतात, तर आजच्या संचात १६–१८ किंवा १८–२१ अशा जोड्या दिसतात. पान्याच्या दांड्यावर डी.आय.एन. ८९५ असे असेल, तर तो जुन्या जर्मन प्रमाणाचा दुतोंडी फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाचा, पाना आहे, आय.एस. २०२८ असेल तर भारतीय प्रमाणाचा फिक्स पाना आणि आय.एस. २०२९ असेल तर भारतीय प्रमाणाचा रिंग, म्हणजे बंद कड्याच्या तोंडाचा, पाना. ‘वेस्ट जर्मनी’ असा ठसा १९४९ च्या आधीचा असू शकत नाही. पेटीत ठिणगीचा प्लग खोलण्याचा नळीचा पाना निघाला असेल, तर तो पेट्रोल इंजिनाचा साक्षीदार आहे. आपल्या यादीत तसा एक आहे, त्यामुळे फार्गो निदान काही काळ पेट्रोलवर धावली असावी असे मी धरतो. त्या काळी अशा कित्येक गाड्यांत पुढे पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घेतले जाई आणि प्लगचा पाना निरुपयोगी होऊनही पेटीतच राही.

आता कानशीने कोरलेल्या पान्याविषयी. आपण लिहिता, की १४–१७ च्या एका पान्याचे १४ चे तोंड कुणीतरी कानशीने रुंद केले आहे, त्यामुळे ते आता चौदाच्या नटावर फिरते, आणि अशा ‘बिघडलेल्या’ पान्यामुळे संचाची शोभा जाते. कृपा करून तो काढून टाकू नका. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या सरकत्या मोजपट्टीने, त्या तोंडाचे माप घ्या. फार्गोमध्ये तीन सुती बोल्ट भरपूर असणार, आणि अमेरिकी मापात तीन सुती बोल्टाच्या डोक्याला साडेचार सुताचा, म्हणजे ९/१६ इंचाचा पाना लागतो. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. चौदाचा पाना त्या बोल्टावर बसता बसता राहतो; पाव मिलिमीटरहून जरासा अधिक खरवडला, की अगदी चपखल बसतो. आपल्या आजोबांनी किंवा त्यांच्या मिस्तरीने नेमके तेवढेच केले असावे असा माझा तर्क आहे. पण त्यातून एक प्रश्न निघतो. चौदाचा पाना टाटाचा, बोल्ट फार्गोचा. मग टाटा घरी आल्यावरही फार्गो कुणाच्या तरी दारात उभी होती काय, आणि आजोबा तिच्यावर काम करीत होते काय? भागीदाराच्या घरचे कुणी हयात असतील तर त्यांना हे विचारण्यासारखे आहे. मापांचा असा शेजार सर्वत्र अडचणीचाच असतो असेही नाही. सहा सूत म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे टाटाचा १९ चा पाना फार्गोच्या सहा सुती तोंडाच्या नटाला काहीही न करता लागतो, आणि जुन्या मिस्तरींना हे तोंडपाठ असे.

वेल्डिंग मारलेल्या रिंग पान्याविषयी मी इतक्या खात्रीने बोलू शकत नाही, कारण दांड्याला सळईचा तुकडा जोडण्यामागे दोन हेतू संभवतात: एक, हात न पोहोचणाऱ्या नटापर्यंत पोहोचणे, आणि दुसरा, दांडा लांब करून जोर वाढवणे. सळई सरळ आहे की वाकवलेली, हे आपण लिहिलेले नाही. वाकवलेली असेल तर पहिला हेतू धरावा. तो पाना जपून ठेवा, पण जोराच्या कामाला वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलेले असते, तेथे पोलाद कोठे मऊ तर कोठे ठिसूळ झालेले असते, आणि असा पाना सुटला की बोटे फोडतो.

यावरून मी मूळ मुद्द्यावर येतो, जो आपण विचारलेला नाही, पण पत्रभर जाणवत राहतो. आपण पाने जमवत आहात. मी आपल्या जागी असतो तर पेट्या जमवल्या असत्या. सुटा पाना, तो कितीही जुना असो, शेवटी लोखंडाचा एक तुकडा असतो. तो कोणत्या गाडीच्या पेटीतून आला, त्या पेटीत त्याच्या शेजारी काय होते, कोणत्या चालकाने तो कोठे विकत घेतला, कोणत्या नटासाठी तो कोरला, हे कळले तरच तो बोलतो. आपल्या दीडशे पान्यांपैकी सव्वाशे कोठून आले हे आपल्याला आज सांगता येणार नाही, असे पत्रावरून दिसते. ‘एका भंगारवाल्याकडून गोणीभर घेतले’ असे आपणच लिहिले आहे. ती गोणी घेताना त्या पेट्यांची फोड आधीच झालेली होती. म्हणून आजोबांचे तेवीस पाने आजच वेगळे काढा आणि त्या पेटीत बाहेरचा एकही पाना घालू नका. त्यांचा संच ‘पूर्ण’ करण्याची आपली कल्पना मला मुळीच पटत नाही. त्यात जे नाही, ते का नाही, हीसुद्धा माहितीच आहे. पेटीत ३०–३२ चा पाना नाही, जॅकची दांडी नाही, चाकाचा पाना नाही. यांतले काही गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेले असेल, काही रस्त्यावर दुसऱ्या चालकाला दिले आणि परत आले नसेल. ट्रकवाल्यांत पाना मागणे आणि देणे रोजचेच असते, परत मिळणे मात्र दैवावर.

संच पूर्ण करण्याची हौस भागवायचीच असेल, तर ती दुसऱ्या पेटीवर भागवा. एक गाडी निवडा, शक्यतो टाटा १२१०, कारण तिचे पाने अजून आपल्या भागात मिळतात, आणि तिची चालकासाठीची जुनी पुस्तिका मिळवण्याचा प्रयत्न करा; पुष्कळ पुस्तिकांत गाडीसोबत दिलेल्या हत्यारांची यादी असते. ती यादी हाती येईपर्यंत काय अस्सल आणि काय नंतरचे, यावर कुणाशी वाद घालू नका. फिक्स पाने, रिंग पाने, बॉक्स पाना, स्क्रू पाना, पक्कड, ग्रीस गन, टायर लिव्हर, चाकाचा पाना आणि त्याची टॉमी, म्हणजे तो फिरवण्याची दांडी, असा तो पसारा साधारण असतो. चाकाचे पाने जमवताना एक गोष्ट लक्षात असू द्या: लेलँड आणि डॉज-फार्गो घराण्याच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत, म्हणजे ते सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवावे लागत. नवखे क्लीनर ते नट सोडवायच्या नादात आणखी आवळत आणि टॉमीवर उभे राहून नाचत. वाकलेल्या टॉम्या आपल्याला दिसतील त्यांतल्या काहींचे कारण हेच असावे.

पाने स्वच्छ करण्याविषयी मी सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. प्रथम काहीही न करता प्रत्येक पान्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. तिरप्या उन्हात काढल्यास ठसे उठून दिसतात. मग पसरट डब्यात डिझेल घेऊन त्यात पाने दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. पूर्वी आम्ही रॉकेल वापरत असू, पण ते आता सहज मिळत नाही. जुने ग्रीस आणि धूळ मिळून झालेला काळा थर सुटला, की दात घासायचा जुना ब्रश आणि नंतर पितळी तारांचा ब्रश पुरतो. लोखंडी तारांचा ब्रश ठशांच्या कडा खातो. जेथे गंज जाड आहे आणि पाना साधा, मुलामा नसलेला आहे, तेथे स्वयंपाकघरातील व्हिनेगरमध्ये काही तास ठेवता येतो. मात्र दर तासाला बाहेर काढून पाहावे, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून आम्ल मारावे, लगेच कोरडा करून उन्हात तापवावा आणि कोमट असतानाच मशीन ऑइलचा हात फिरवावा. क्रोमचा मुलामा असलेल्या पान्याला व्हिनेगर लावू नका, ते मुलाम्याखाली शिरते. चिंचेच्या कोळाने तांब्या-पितळेची भांडी निघतात, म्हणून कुणी तोही उपाय सुचवेल. गंज त्यानेही निघतो, पण चिकटपणा आट्यांत आणि ठशांत बसतो आणि मुंग्या लागतात. शेवटचा हात तेलाचा देताना खाद्यतेल टाळा, ते काही महिन्यांत डिंकासारखे होते.

बॅटरीचा चार्जर लावून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंज काढण्याची विजेची पद्धत आपण वाचली असेल. ती खरी आहे, पण तिच्यात हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे ती उघड्यावरच करावी लागते, आणि समोर झिजण्यासाठी टांगलेला लोखंडाचा तुकडा स्टेनलेस स्टीलचा वापरल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. घरात लहान मुले असल्याचे आपण लिहिले आहे. मी असतो तर डिझेलवरच थांबलो असतो.

ग्राइंडर आणि पॉलिशचे चाक यांचे नावही काढू नका. मी स्वतः हा गुन्हा केलेला आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक इंग्रजी पाना मी वर्कशॉपमधील पॉलिशच्या चाकावर धरला. मिनिटभरात तो आरशासारखा झाला, आणि दांड्यावरचा बाण, अक्षरे व साल, जे मला पुरते वाचायचेही राहिले होते, ते सारे गेले. त्या बाणाची खूण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची असते, लष्करी हत्यारांवर ती सापडते. तो पाना अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. शिवाय चाकावर तोंड तापून निळे पडले, की पोलादाने सुमारे तीनशे अंशांची उष्णता पाहिलेली असते आणि त्याचे पाणी कमी झालेले असते. जुना रंग जाळून काढू नका व कोरडा घासूही नका, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असे. लष्करी हत्यारांवर कधी कधी कॅडमियमचा फिकट, पिवळसर झाक असलेला मुलामा असतो. त्याला तापवणे आणि घासणे, दोन्ही प्रकृतीला घातक.

आपल्याला यांतले काही पाने ट्रॅक्टरच्या कामाला वापरायचे आहेत. खुशाल वापरा, पण आधी त्यांना तडे नाहीत याची खात्री करा. त्याची जुनी रीत अशी: पाना स्वच्छ करून रॉकेलमध्ये किंवा पातळ तेलात काही तास बुडवावा, बाहेर काढून फडक्याने अगदी कोरडा पुसावा, आणि तोंडाच्या बेचक्यात फळ्याच्या खडूची पूड पातळ पसरावी. तडा असेल तर त्यात मुरलेले तेल हळूहळू खडूत झिरपते आणि केसाएवढी काळपट रेघ उमटते. बेचक्याच्या आतील कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे, पाना बहुधा तेथूनच फाटतो. रेघ दिसली की तो पाना कामातून बाद, संग्रहात मात्र कायम.

खरेदीसाठी छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटचा रविवारचा आणि छावणीचा गुरुवारचा आठवडी बाजार आपण पाहिलेला असेलच. नांदेडमध्ये ट्रकच्या धंद्यात पिढ्या घातलेली शीख कुटुंबे आहेत. त्यांच्या गॅरेजांत जुन्या पेट्या अजून निघतात आणि पेटीबरोबर चहाही मिळतो. आपल्या जालन्याचे तर काय सांगावे. तेथील पोलादाच्या भट्ट्यांत चहूकडचे भंगार येते आणि त्याच्या सळया होतात, त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या पेट्या आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आहेत. भट्टीच्या आवारात आपल्याला कुणी उभे करणार नाही. गाठायचा तो लहान भंगारवाला, माल मोठ्या गाडीत चढण्याआधी, आणि त्याला पाने वेगळे काढून नव्हे, तर पेटी न फोडता ठेवायला सांगावे.

पैशांचे म्हणाल तर माझा ठोकताळा असा आहे, की साध्या जुन्या पान्याला त्याच मापाच्या नव्या, चांगल्या भारतीय पान्यापेक्षा अधिक दाम देऊ नये. नाशिकच्या तापडिया कंपनीचा पाना नव्याने घेतला तर काय पडतो हे दुकानात विचारून ठेवा. त्याहून जास्त देण्याची वेळ फक्त अभंग पेटीसाठी, किंवा ज्याचा पूर्वेतिहास देणारा माणूस समोर बसून सांगतो आहे अशा पान्यासाठी यावी. परदेशी नावांचे नकली ठसेही असतात. ठोकून घडवलेला पाना दोऱ्याला टांगून किल्लीने टिचकी मारल्यास खणखणीत वाजतो, ओतीव पाना बद्द आवाज देतो; ठशातील अक्षरे वाकडीतिकडी असतील किंवा स्पेलिंग चुकलेले असेल तर सावध व्हावे. मात्र जर्मन पान्यावर ‘क्रोम’च्या स्पेलिंगात शेवटचे ई हे अक्षर नसते, ती चूक नव्हे, त्यांची भाषाच तशी आहे.

एका बाबतीत कठोर राहा. रेल्वेची खूण असलेले हत्यार कुणी रस्त्यावर विकत असेल तर ते हातातही घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ‘मला छंद आहे’ हे त्यात उत्तर होत नाही. एसटीची खूण असलेल्या पान्यांनाही, लिलावाची पावती दाखवल्याशिवाय, हाच नियम लावा.

ठेवण्यासाठी फळी आणि खिळे नकोत. मोंढ्यात ताडपत्री शिवणारा असतोच. त्याच्याकडून खणाखणांची एक गुंडाळी शिवून घ्या, पूर्वी गाड्यांत असे तशी, आणि पाने तिच्यात ओळीने ठेवून गुंडाळी पेटीत ठेवा. चामड्याची गुंडाळी दिसायला सुरेख असते, पण ती ओल धरते आणि गंज देते. प्रत्येक पान्याला दोऱ्याने कापडी चिठ्ठी बांधा, पान्यावर नंबर ठोकू नका. वहीत क्रमांक, दोन्ही तोंडांवरचे आकडे, व्हर्नियरचे माप, लांबी, ठसे, कुणाकडून कधी मिळाला आणि देणारा काय म्हणाला, हे त्याच्याच शब्दांत लिहा.

आता आपले बंधू. दीडशे पान्यांचा ढीग माजघरात असताना ते भंगार म्हणतात यात त्यांचे फारसे चुकते असे मला वाटत नाही. तेवीस पान्यांची एक पेटी आणि आपण निवडलेल्या एका गाडीची दुसरी पेटी, एवढे कपाटाखाली मावते. उरलेल्यांत दुहेरी-तिहेरी असलेले, धड तोंडाचे पाने गावातील गॅरेजला किंवा आयटीआयला देऊन टाका, म्हणजे आईंना माजघर परत मिळेल आणि भावाच्या बोलण्यालाही काही मान राहील. पण आपल्या पत्रात एक वाक्य आहे, जे आपण सहज लिहून पुढे गेला आहात: थोरला भाऊ लहानपणी सुट्टीत आजोबांबरोबर गाडीवर जात असे. तुम्ही गेला नव्हता, तो गेला होता. गाडी वाटेत बंद पडल्यावर आजोबा कोणता पाना मागत आणि कोणता नट सुटत नसे, हे त्या घरात आता कुणाला ठाऊक असेल तर त्यालाच. त्याला संग्रहाचे महत्त्व पटवून देण्याच्या भानगडीत न पडता, रात्रीच्या जेवणानंतर तो वेल्डिंगचा रिंग पाना त्याच्या हातात द्या आणि ही सळई कशासाठी जोडली होती, एवढेच विचारा.

आणि १४ च्या त्या कोरलेल्या तोंडाचे माप मला अवश्य कळवा. व्हर्नियर घरी नसेल तर अंबडला एखाद्या लेथवाल्याकडे घेऊन जा. १४.३ च्या जरा पुढे भरले, तर फार्गोविषयीचा माझा तर्क उभा राहतो. पंधराच्या आसपास गेले, तर मला नव्याने विचार करावा लागेल.